‘पाणी संपलं’ म्हणणाऱ्या तात्यांच्या गावी

केमो सुरू झाल्यापासून माझी थोरली बहीण, अक्का, हसायचीच विसरली होती. एकदा पडल्या पडल्या म्हणाली, “ते दूध चालंल का म्हणणारं आठवतं का रं?”

न आठवून कसं चालेल? लहानपणी त्या गावाकडच्या मालिकेसाठी मुकुंदवाडीतली आमची अख्खी गल्ली आमच्या टीव्हीसमोर बसायची. त्यातला मेंढपाळ पाण्याचा लई कंजूष. पाव्हणा दारात आला की हात जोडायचा, “पाणी संपलं पाव्हणं, दूध चालंल का?” अक्का हसून हसून लोळायची. तिच्यासाठी हे वाक्य मेंढपाळाचं काम केलेल्या तात्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून आणायचं ठरवलं आणि त्यांच्या गावी निघालो.

तुम्हीही जाणार असाल तर ऊन चढायच्या आत निघा. पैठणची एसटी धरायची, बिडकीनला उतरायचं. शूटिंग झालं तो माळ शोधत बसू नका, तिथं आता रुंद रस्ते आणि कंपन्यांची कुंपणं आहेत. फाट्यावरची भजी मात्र झकास, पन्नासात पोट भरतं. भजीवाल्या चाचांनीच तात्यांचं घर दाखवलं. वर म्हणाले, “लेकिन वो डायलॉग अब किसी को नहीं सुनाते, भय्या.”

तात्या ओट्यावर बसले होते. चेहरा तोच, फक्त वाळलेला. मी अक्काचं सगळं सांगितलं. ते आता ते वाक्य का म्हणत नाहीत, ते त्यांच्या बायकोनं, मावशींनी, सांगितलं.

“दुष्काळात टँकर मागाया ग्रामसभेत गेले व्हते. पाणी संपलं म्हणाले, तर समदे हसाया लागले. पुन्हा म्हणाले, पुन्हा हसले. टँकर दुसऱ्या वस्तीवर गेला. आमची मेंढरं डोळ्यांदेखत गेली.”

मला फार वाईट वाटलं. निघतो म्हणून उठलो.

“बस,” तात्या म्हणाले. “बहीण लई आजारी हाय?”

“व्हय.”

“मग लाव तुझं रेकॉर्डिंग.”

मावशी उठून आत गेल्या. तात्यांनी हात जोडले, मान तश्शीच वाकडी केली आणि बोलले. आवाजात तसूभर फरक नाही. बोलून झाल्यावरही बराच वेळ त्यांचे हात जोडलेलेच होते.

संध्याकाळी घरी येऊन अक्काला ऐकवलं. ती हसली, पार उशीत तोंड खुपसून हसली. इतक्या महिन्यांनी तिला हसताना बघून ऊर भरून आला, पण त्या हसण्यात मला ती ग्रामसभाच ऐकू येत होती.

“तू का नाय हसत रं?” तिनं विचारलं.

“एसटीत ऐकून ऐकून पाठ झालंय,” मी म्हणालो, आणि तिनं सांगितलं म्हणून पुन्हा लावलं.