आगीचा चौकीदार

"खाली ठेव."

दिवाणजी एवढंच बोलला. मी फौजेतून सुटल्याचा दाखला त्याच्या हातात द्यायला पुढं केला होता. हात तसाच राहिला. तो कापसाच्या जीनच्या कचेरीत खुर्चीवर, मी पायरीखाली. मी दाखला पायरीवर ठेवला.

त्यानं टेबलावरचा लाकडी रूळ उचलला, खाली वाकला आणि रुळाच्या टोकानं दाखल्याची पानं उलटायला लागला. वारा सुटला होता. पान उलटलं की वारा ते परत पाडायचा. तो पुन्हा रूळ टोचायचा. मेलेलं जनावर काठीनं उलटून पाहतात, तसं चाललं होतं. त्या पानांवर माझी पाच वर्षं होती.

"वागणूक उत्तम म्हन्ते," तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला. कारकून हसला.

"काय करत होता फौजीत?"

"नाईक होतो. आसामात दारूगोळ्याच्या डेपोवर. आगीची राखण."

"जात?"

"महार."

"ते दिसूनच राहिलं," तो म्हणाला आणि रूळ धोतराला पुसला.

मी तिथून निघायला पाहिजे होतं. निघालो नाही. लढाई संपली होती आणि आमची पलटण मोडली होती. सोडताना साहेब म्हणाला होता, सिव्हिलमध्ये तुमच्या कामाला मान मिळेल. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अकोल्यात तीन महिने फिरलो. मोटारीच्या कारखान्यात गेलो, नगरपालिकेत गेलो, रेल्वेत गेलो. सगळीकडे मला झाडू दाखवला. या जीनमध्ये निदान काम तरी माझं होतं. आगीचा चौकीदार. डेपोत माझ्या हाताखाली आठ जण होते, त्यातला एक राजपूत. मी पाइप धर म्हटलं की तो पाइप धरायचा.

पहिल्या दिवशी दिवाणजीनं मला जीन फिरवून दाखवली. तो पुढं, मी दहा हात मागं. पत्र्याचं लांब शेड. आत सरकी आणि रुई वेगळी करणारे रेचे दोन ओळींत. प्रत्येक रेच्यावर एक बाई, ओंजळीनं कापूस घालत बसलेली. हवेत रुईचा भुगा एवढा, की समोरच्या भिंतीवरची पाल दिसत नव्हती. भिंतीला बारा लाल बादल्या टांगलेल्या. मी एकीत डोकावलो. तळाला चार बोटं पाणी, त्यावर रुईची साय.

"बादल्या भरल्या पाह्यजेत," मी म्हणालो.

"पानक्या भरते. तू हात लावायचा नाई. पानी हौदातलं हाये. तो हौद शेटजीच्या देवळाले लागून हाये."

"मंग आग लागली तं मी काय करू?"

"शिट्टी वाजवाची."

त्यानं मला पितळी शिट्टी दिली. म्हणजे पायरीवर ठेवली.

शेडच्या मागं एक दार होतं. त्याला बाहेरून कुलूप. मी विचारलं, हे बंद काहून? तो म्हणाला, बाया ओटीत रुई नेतात.

डेपोत असं दार दिसलं असतं तर मी साहेबाला जेवणावरून उठवलं असतं. इथं मी मान हलवली.

तिसऱ्या रेच्यावर गंगामावशी होती. बाळापूरकडची, आमच्याच जातीची, विधवा. हात कापूस घालून घालून सालटलेले. दुपारच्या सुट्टीत ती भाकर मोडून अर्धी मला द्यायची. माझ्या चालण्यावर हसायची. "भाऊ, तू चालते तं वाटते लढाई अजून चालूच हाये. जराक सैल चाल." मी सैल चालायचा प्रयत्न करायचो आणि बाया आणखी हसायच्या. तिची एकुलती पोरगी यमुना तेल्हाऱ्याला दिलेली. तीही तिथल्या जीनमध्येच कापूस घालायची.

इंजिनावर हबीबचाचा मिस्त्री होता. त्यानं आठ दिवसांतच मला बाजूला घेतलं. "नाईक, इथं दोनदा आग लागली हाये. छोटी होती. खुदा ने बचाया. तिसरी छोटी राहनार नाही."

मी दिवाणजीकडं तीनदा गेलो. बादल्यांसाठी दोनदा, कुलपासाठी एकदा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुले राखाले ठिवलं का शिकवाले?"

मग मी गेलो नाही. रोज सकाळी बादल्या पाहायचो. पाणी रोज एक बोट खाली. फाल्गुन सरत आला होता. ऊन पत्र्यावरून आत उतरायचं. रुई हाताला चरचर लागायची. रेच्यातून मधूनच खट् असा आवाज यायचा, कापसात खडा नाहीतर खिळा आला की. एखादी ठिणगीही पडायची. तो आवाज ऐकला की माझी पाठ ताठ व्हायची. आसामात रात्री विमानं ऐकून व्हायची तशी. घरी बायको म्हणायची, तुमी जेवता जेवता काय ऐकून राहिले? मी म्हणायचो, काही नाही.

शेटजीच्या घरी लग्न होतं. पाणक्या दोन दिवसांपासून तिकडं राबत होता. त्या दिवशी दुपारी मी फाटकापाशी होतो. खट् ऐकू आलं. मग दुसऱ्यांदा. मग एक बाई ओरडली.

मी शिट्टी वाजवत धावलो. दुसऱ्या रेच्याजवळची रुई पेटली होती. रुई जळत नाही, पळते. जाळ जमिनीवरून पळत ढिगाऱ्यावर चढला आणि ढिगाऱ्यावरून पुढच्या दाराशी आला. दाराजवळच्या बाया बाहेर पडल्या. आतल्या आठ जणी जाळाच्या पलीकडं राहिल्या. मी बादल्या ओढल्या. बारापैकी चारांत पाणी होतं. चारही फेकल्या. जाळाला कळलंसुद्धा नाही.

काय करायचं ते मला येत होतं. पोत्याचं बारदान ओलं करायचं, अंगावर घ्यायचं, आत शिरायचं, माणूस गुंडाळून काढायचा. आसामात चौघांना असं काढलं होतं. मी दोन बारदानं उचलली आणि हौदाकडं धावलो.

हौदाच्या तोंडाशी दिवाणजी हात पसरून उभा होता.

"थांब. हौदाले हात लावू नोको. पानक्याले बलावलं हाये."

मी थांबलो.

हे मी कुणाला सांगत नव्हतो. आता सांगतो. मी थांबलो. पाच वर्षं हुकमावर थांबलो होतो, हुकमावर चाललो होतो. आणि फौजेच्याही आधी, पाण्याजवळ कुणी थांब म्हटलं की थांबायचं, हे आईनं बोट धरून शिकवलं होतं. दोन्ही हुकूम एकदम आले. पाय आपोआप जुळले. किती वेळ थांबलो, मला सांगता येत नाही. हबीबचाचा म्हणतो, तंबाखू मळायला लागतो तेवढा.

मागच्या दारावर आतून हात आपटत होते. पत्र्यावर खूप हात. मग थोडे कमी. मग आणखी कमी.

मी दिवाणजीला खांद्यानं ढकललं. तो पडला. मी बारदानांसकट हौदात उतरलो. पाणी छातीपर्यंत होतं. एवढं पाणी. काठोकाठ.

तोवर हबीबचाचानं घणानं कुलूप फोडलं होतं. सात बाया त्या दारानं बाहेर आल्या. कुणाचा हात भाजलेला, कुणाचे केस गेलेले. मी आत गेलो. गंगामावशी दारापासून चार पावलांवर पडली होती. बारदानात गुंडाळून तिला बाहेर आणलं. ती म्हणाली, "पानी दे, भाऊ." मी हौदातून ओंजळ भरून आणली. तिच्या ओठाला लावली. कुणी अडवलं नाही. अडवणारे तेव्हा कचेरीतली कपाटं बाहेर काढत होते.

सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी जीनवर परतलो तेव्हा फाटकासमोरून नाली भरून वाहत होती. उन्हाळ्यात नाली कशी वाहते म्हणून पाहिलं. हौद उपसत होते. दोन गडी बादल्या भरभरून पाणी रस्त्यावर ओतत होते, तिसरा आतून गोमूत्र शिंपडत होता. मागं शेड अजून धुमसत होतं. हौद बाटला होता म्हणून.

दिवाणजीनं मला बोलावलं. या वेळी कचेरीच्या आत बोलावलं. एक कागद स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिला. कागदात लिहिलं होतं की बादल्या भरलेल्या होत्या, दार उघडं होतं, आणि गंगा नावाच्या बाईनं विडी ओढल्यानं आग लागली.

"सही कर. तुले मुकादम करतो. फौजीतला मानूस हायेस, हुकूम समजते तुले."

"मावशी विडी ओढत नव्हती."

"आता कोन इचारते तिले?"

मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

तो हळू आवाजात बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू मले धक्का मारला. हौद बाटवला. याची फिर्याद होऊ शकते. अन् तुही बायको रोज सकाळी कोन्या रस्त्यानं मोळी आनाले जाते, ते मले मालूम हाये."

मी बाहेर आलो. संध्याकाळपर्यंत आमच्या वस्तीच्या तोंडाशी दोन अनोळखी माणसं येऊन बसली. काही बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशीही बसली. बायकोनं दाराला आतून उखळ लावलं. तिला मी कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "सही करून आले असते तं मी उखळ तुमच्यासाठी लावलं असतं."

मी तेल्हाऱ्याला गेलो. यमुनेला निरोप पोचला होता, पण झालं कसं ते कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. ती अंगणात बसली होती. आईसारखेच सालटलेले हात. मी सगळं सांगितलं. दिवाणजी हात पसरून उभा होता, तेही सांगितलं.

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तो उभा होता. पन तू थांबला काहून?"

मी तिच्यापुढं बसून राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली.

आगीची चौकशी अमरावतीला लागली होती. मी बडनेऱ्यावरून गेलो. हबीबचाचा बरोबर आला. नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं. तिथल्या सरकारी कचेरीत कारकून माझी जबानी लिहीत होता. बादल्यांचं लिहिलं. कुलपाचं लिहिलं. दिवाणजीनं अडवलं ते लिहिलं.

"झालं," तो म्हणाला.

"नाई झालं. मी थांबलो, हे लिवा."

त्यानं वर पाहिलं. "त्याची गरज नाही. त्यानं तुझंच नुकसान होईल."

"होऊ द्या. त्यानं थांब म्हटलं अन् मी थांबलो. मले आग विझवता येत होती. पानी समोर होतं. लिवा."

त्यानं लिहिलं. मी वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा त्यानं ती ओळ भरभर वाचली. मी पुन्हा वाचायला लावली. मग सही केली. अंगठा नाही, सही.

बाहेर आलो तेव्हा हबीबचाचानं विचारलं, "अब क्या? सुरतेला चल माझ्यासंगं. भाचा मिलमध्ये हाये."

मी नाही म्हणालो. अकोला सोडायचं नाही. वस्तीच्या तोंडाशी माणसं बसतात, बसू देत. दिवाणजी फिर्याद करेल, करू दे. जळालेल्या शेडवर नवे पत्रे चढायला लागलेत. दिवाळीच्या आगंमागं हंगाम सुरू होईल आणि बाया पुन्हा रांगेनं फाटकाशी येतील. त्या दिवशी मी त्यांच्या पुढं उभा राहणार आहे. मागचं दार उघडं आणि बादल्या भरलेल्या माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही बाई आत जाणार नाही. पाणक्या नसेल तर बादल्या मी भरीन. त्याच हौदातून.