धाग्यापर्यंत जळलेली बिडी
गावाबाहेर बिडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे वाळायला पडले, की त्या वासानं मला बाबांचा दहावा आठवतो. त्याच्या महिनाभर आधी बिडी सोडायला मी चंद्रपूरला एका संमोहनवाल्या डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. डोळे मिटायला लावून त्यांनी सांगितलं होतं, बिडी तोंडाशी नेलीस की हात ओल्या वाळूसारखा जड होईल. दहाव्याला वैनगंगेच्या काठी कावळा काही पिंडाला शिवेना. काका म्हणाले, "तुह्या बापाले बिडी पायजे. तू पेटव, एक झुरका मार अन् ठेव." मी बिडी घेतली, पण हात छातीच्या वर जाईना. "हात उचलून नाई राह्यला, काका." शेवटी त्यांनीच पेटवून ती पिंडाजवळ ठेवली. ओढत राहिलं नाही तर बिडी विझते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ती विझली नाही. बाबा ओढायचे तसं थांबून थांबून टोक लाल होत गेलं, पार धाग्यापर्यंत. मग कावळा उतरला. बिडी मी परत ओढली नाही. पण हा वास आला की उजवा हात अजून जड होतो, शेजारी बसून कोणीतरी मनगट धरल्यासारखा, आणि मीही तो सोडवून घेत नाही.