डाग नसलेली वर्षं

वर्गात तिला सगळे काडेपेटी म्हणत. वनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात कुणी पक्ष्यांवर काम करत होतं, कुणी बियांवर, कुणी मातीवर. हिने घेतली आग. रानात पडलेला पाचोळा गोळा करायचा, भट्टीत वाळवायचा, वजन करायचं आणि वणवा लागलाच तर तिथे किती जळेल याचा हिशोब मांडायचा. ती पोती घेऊन आली की प्रयोगशाळेचा शिपाई विचारायचा, "काय ताई, आज काय भाजायला आणलंय?" ती खळखळून हसायची. पण हाच विषय का घेतला असं कुणी विचारलं, तर ताकास तूर लागू द्यायची नाही.

कारण साधं होतं. तिचे बाबा वनरक्षक होते आणि ते वणव्यात गेले होते.

बाबा म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस. उन्हाळाभर डोळ्यांत तेल घालून रान राखायचे. कुठे धुराची रेघ दिसली की भरल्या ताटावरून उठायचे, ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून आग विझवायचे आणि काजळी माखून घरी यायचे. आई दारातच म्हणायची, "आलात का तोंड काळं करून?" मग तिघंही हसायची. वरून हुकूम एकच होता, आग दिसली की विझवा. बाबांनी तो हुकूम इतका चोख पाळला की खात्याने त्यांना प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर छापलं होतं की यांच्या कार्यकाळात या रानात एकदाही वणवा भडकला नाही. ते काचेत बसवून भिंतीवर लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात वणवा भडकला. रानात आग अडावी म्हणून झाडझाडोरा काढून मोकळा पट्टा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. त्या आगीने जाळरेषा ओलांडली, ती झाडांच्या शेंड्यांना गेली आणि बाबा परत आले नाहीत. लेक तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती.

प्रशस्तिपत्राशेजारी बाबांचा फोटो लागला. आई रोज सकाळी एकाच फडक्याने दोन्ही पुसायची. आधी प्रशस्तिपत्र, मग फोटो.

खात्याने आईला रोपवाटिकेत काम दिलं. मातीच्या पिशव्या भरायच्या, रोपं लावायची, पाणी द्यायचं. दिवसभर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला व्हायचा, पण बाई कुरकुरणाऱ्यातली नव्हती. लेकीला एवढंच म्हणाली, "तू शीक. तुझ्या बाबांना जिने खाल्लं त्या आगीचं मूळ शोधून काढ." आता आईने सांगितलं आणि लेकीने ऐकलं, असं जगात कितीदा होतं? इथे झालं. आणि मूळ सापडलं, हीच तर सगळी पंचाईत.

ते सापडलं लाकडात. त्या मोठ्या आगीत मेलेल्या झाडांचे बुंधे रानात अजून उभे होते. तिने परवानगी काढून त्यांच्या बुडाजवळच्या चकत्या कापून आणल्या. चकती घासून गुळगुळीत केली की झाडाची वर्षं कड्यांसारखी दिसतात. एखाद्या वर्षी जमिनीलगत आग येऊन गेली असेल, तर त्या कड्यावर काळा डाग असतो आणि पुढच्या वर्षांचं लाकूड त्यावर हळूहळू चढून जखम भरून काढतं. तिच्या चकत्यांवर असे डाग चिक्कार होते. दर थोड्या वर्षांनी एक. लहान लहान आगी यायच्या, खालचा पाचोळा जाळून जायच्या आणि झाडं जराशी भाजून पुन्हा वाढायला लागायची. सगळ्याच रानांचं असं नसतं, पण त्या रानाचं होतं.

मग एके ठिकाणी डाग थांबले. पुढे एकामागून एक स्वच्छ कडी. पार सालीपर्यंत स्वच्छ आणि सालीशी मात्र नुसता कोळसा. डाग थांबल्याचं वर्ष तिने उलटं मोजत काढलं. ते तिच्या आईबाबांच्या लग्नाचं वर्ष निघालं, म्हणजे बाबा नोकरीला लागले ते वर्ष. दुसरी चकती घेतली. तेच. तिसरी घेतली. तेच. ती प्रयोगशाळेच्या फरशीवर बसली, ती शिपायाने "ताई, कुलूप लावायचंय" म्हणेपर्यंत.

तिला आता सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला अगदी मनापासून वाटलं. बाबांनी एकेक लहान आग विझवली. म्हणून एकेका वर्षाचा पाचोळा तसाच राहिला, काटक्या साठल्या, खुरटी झुडपं माजली. रान दर उन्हाळ्यात थोडं थोडं सरपण होत गेलं आणि राखणदार त्याची राखण करत राहिला.

तिच्या मार्गदर्शक मॅडम बोलायला फटकळ होत्या. पण त्यांनीही चकती हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दुसऱ्या रानाचे नमुने घे. निष्कर्ष तोच निघेल. तुझ्या घरचं रान कशाला हवं यात?"

"आईने सगळ्या रोपवाटिकेत सांगून ठेवलंय, मॅडम. पोरगी बाबांच्या रानावर लिहितेय म्हणून. शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते ना, तिला ती येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार म्हणते."

"मग ठरव तू," मॅडम म्हणाल्या. "लपवलंस तर चूक म्हणणार नाही मी. पण आईपासून लपवून तुला त्या घरात जेवता येईल का, ते बघ."

सुट्टीत ती घरी गेली, ती पिशवीत चकती घेऊनच. दोन दिवस ती पिशवी पलंगाखालून निघाली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने चकती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. आईने ओले हात पुसले आणि चकतीवरून बोट फिरवलं.

"हे काळं काय गं?"

"आग. लहानशी. झाडाने पचवलेली."

"आणि इथे तर काहीच नाही."

"तिथे बाबा आहेत, आई."

आईचा चेहरा उजळला. "बघ! बघ, लाकडालासुद्धा माहीत आहे! एक डाग पडू दिला नाही माणसाने." ती भिंतीकडे वळली आणि फोटोला म्हणाली, "ऐकलंत का?"

इथेच गप्प बसता आलं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं, आणि जन्मभर तोंडात मूग धरून जगला असता. ती म्हणाली, "आई, माझं बोलणं संपलं नाही अजून. बस जरा."

आणि तिने सांगितलं. शब्द हळू हळू निवडत, वर्गात सांगतात तसं न सांगता. अंगण कित्येक वर्षं झाडलंच नाही तर काय होईल, तसं. आई ऐकत होती. मध्ये एकदा तिने चकती हाताने थोडी दूर सारली.

"म्हणजे त्यांनीच," आई म्हणाली.

"त्यांनी नाही गं. त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी केलं. तेव्हा सगळीकडे हेच..."

"मला समजावू नकोस. त्यांनी विझवल्या म्हणून ती एवढी मोठी झाली. हो की नाही, एवढंच सांग."

"हो."

आई उठली. घासलेली भांडी तिने पुन्हा घासायला घेतली. एकेक भांडं, आतून, बाहेरून. शेवटी नळ बंद करून ती झोपायला गेली.

सकाळी लेक उठली तेव्हा आई घरात नव्हती. टेबलावर चकती नव्हती. भिंतीवर फक्त फोटो होता आणि शेजारी प्रशस्तिपत्राच्या जागी रंग न उडालेला चौकोन. तिने चूल पाहिली. राख थंड होती. परसात कचऱ्याचा ढीग उकरला. मग चपला घालून रोपवाटिकेत धावली. तिथल्या बायका म्हणाल्या, "आज सुट्टी मागितली तिने. पिशवी घेऊन रानाच्या रस्त्याने गेली बघ."

रानाच्या रस्त्याला वनरक्षकाचं घर होतं. तेच घर, जिथे ती लहानाची मोठी झाली होती आणि जे बाबा गेल्यावर सोडावं लागलं होतं. तिथे आता नवा वनरक्षक राहायचा, लग्नाला फार दिवस न झालेला, कामाला वाघ. त्याचंही नाव खात्यात चांगलं होतं. तोही भरल्या ताटावरून उठायचा.

धापा टाकत ती फाटकाशी पोहोचली तर पायरीवर आई बसलेली. शेजारी वनरक्षकाची बायको, कपडे धुता धुता उठून आलेली, हाताला अजून फेस. समोर काजळलेल्या बुटांत तो स्वतः उभा. आईच्या मांडीवर प्रशस्तिपत्र होतं आणि त्याच्या काचेवर चकती ठेवलेली. लेकीला पाहूनही आई थांबली नाही.

तिने शेजारच्या त्या पोरीचं ओलं बोट धरलं आणि स्वच्छ कड्यांवर ठेवलं. "हा माझा नवरा," ती म्हणाली. "फार चांगलं काम केलं त्याने. वाच, इथे लिहिलंय." मग तेच बोट तिने सरकवत सालीपाशी नेलं, कोळशावर. "आणि हाही माझाच नवरा."

पोरीने बोट मागे घेतलं. आईने मान वर करून त्या वनरक्षकाकडे पाहिलं.

"ही माझी लेक. हिला सगळं माहीत आहे. बस खाली आणि ऐक," ती म्हणाली. "माझ्या माणसाला सांगायला कुणी नव्हतं."