धाकट्याची सव्वा मूठ

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी चौरंगावर देवीचा नारळ मांडायचा, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन परत देवघरात आणायचा. पण घरातल्या बायकांचं सगळं लक्ष असतं ते रोटांकडे. रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. त्यांचे गहू मापाने घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. पाळण्यातलं पोर असलं तरी मुलगा असला की त्याची मूठ. बायकांची नाही. लेकी तर परक्या घरच्या, त्यांनी ते रोट खायचेही नाहीत.

शिंदखेड्याच्या घरात माय मूठ टाकायची तेव्हा माझा धाकटा भाऊ सुपाशेजारी उकिडवा बसायचा. मधल्या भावाची, म्हणजे भाऊची मूठ पडली, भाऊच्या दोन मुलांच्या पडल्या, की हा विचारणार, "मन्ही?" म्हणजे, माझी? माय मुद्दाम थांबायची. मग याच्या नावाची मूठ भरायची, वर चिमूटभर टाकायची आणि म्हणायची, "पडनी रे, तुन्ही पडनी." हा टाळ्या पिटायचा. टाळ्या पिटणारा हा बाप्या गेल्या वर्षी शेहेचाळीस वर्षांचा होता. दाढी पांढरी व्हायला लागलेली. शर्टाची बटणं मात्र अजून माय लावून द्यायची.

आम्ही तिघं. मी थोरली, सगळ्यांची अक्का. मग भाऊ, त्यालाही सगळं गाव भाऊच म्हणतं. आणि हा धाकटा, जन्मापासून मतिमंद. हल्ली नवे, सभ्य शब्द आलेत, फॉर्मवर मी तेच लिहिते. पण माझ्या लहानपणी गल्लीत जो शब्द वापरायचे तो मला अजून ऐकू येतो. मला बघायला जळगावचे पाहुणे आले त्या दिवशी धाकट्याला साक्रीला मामाकडे पाठवून दिलं होतं. लग्न ठरलं, साखरपुडा झाला, तेव्हाच तो परत आला. याबद्दल मी मायला कधी बोलले नाही. बोलायला तोंड कुठे होतं? फायदा माझाच झाला होता.

वडील लवकर गेले. भाऊला वीज केंद्रात नोकरी लागली आणि तो दीपनगरच्या कॉलनीत राहायला गेला. मी जळगावला एका शाळेत लेखनिक. शिंदखेड्यात उरली माय आणि धाकटा. मायने त्याचं सगळं एकटीने केलं आणि एकटीनेच करायचं ठरवलं. भाकरी मोडून, दूध घालून, कुस्करून द्यायची. पाठ चोळून द्यायची. तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो म्हणून तिने आयुष्यभर डाळ पातेल्यात शिजवली. लोक तिला माउली म्हणायचे. मला मात्र सुट्टीत गेले की धडकी भरायची. ही गेल्यावर याची बटणं कोण लावणार?

शाळेत एका शिक्षिकेचा मुलगा असाच होता. तिच्यामुळे मी जळगावात पालकांच्या एका सभेला गेले. म्हातारे आईबाप बसले होते, शेजारी त्यांची मोठाली लेकरं. बोलणारी बाई स्पष्टवक्ती होती. तिने सांगितलं, तुमचं मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने तुम्ही त्याचे पालक उरत नाही. समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्या, आणि आपल्यानंतर कोण, हे आपण असतानाच ठरवा. समोरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. अर्ज न्यायला टेबलापाशी सगळ्या सभेतले तिघंच गेलो.

अर्ज भरणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. अक्षरही सुरेख आहे, हेडमास्तर स्वतःचे खासगी अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे. मी तो अर्ज घेऊन शिंदखेड्याला गेले. ओट्यावर बसून मायला वाचून दाखवला. पालकाच्या नावाच्या रकान्यापाशी थांबले आणि म्हटलं, "माय, इथे माझं नाव लिहू का?"

माय शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू परका घरनी. तुन्ही मूठ आठे पडस का?"

"मुठीचा काय संबंध?"

"त्यान्ही पडस. हाऊ घरना शे. घरना मानूसले घरच सांभाळी. भाऊनं नाव लिख."

भाऊ वर्षातून दोनदा यायचा, कानबाईला आणि दिवाळीला. धाकट्याशी त्याचं बोलणं म्हणजे "काय रे, जेवला का?" एवढंच. हे मायला दिसत नव्हतं असं नाही. पण चाळीस वर्षं दर श्रावणात दोन्ही मुलांच्या मुठी तिने एकाच सुपात टाकल्या होत्या. ज्यांचे गहू एकत्र दळले जातात ते एकमेकांना टाकतील, हे तिच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. तिला सभेतल्या बाईचं खोटं वाटलं आणि सुपाचं खरं.

आता माझं सांगते. मी तिच्याशी भांडले असते. कामावर मी कुणाकुणाशी भांडले आहे ते जळगावात विचारा. पण त्या दिवशी मायने नाही म्हटलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. निवृत्ती जवळ आली होती, गुडघे गेले होते, सून यायची होती. मनातल्या मनात मी म्हटलं, बरं झालं. आणि तोंडाने म्हटलं, "तुझी मर्जी." मग त्या रकान्यात माझ्या सुरेख अक्षरात भाऊचं नाव लिहिलं.

धुळ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात बोलावणं आलं. माय नवं लुगडं नेसली, धाकट्याला मी शर्ट इन करून दिला. भाऊ दीपनगरहून रजा काढून आला, घड्याळ बघत. टेबलापलीकडच्या साहेबांनी फॉर्म चाळला आणि मायला विचारलं, "आजी, याचं रोजचं कोण बघतं?"

"मीच."

"आणि तुमच्यानंतर?"

"भाऊ शे ना त्याना, साहेब. आनखी काय जोयजे?"

साहेबांनी धाकट्याकडे पाहिलं. तो माझी पिशवी मांडीवर घेऊन, माझ्या खुर्चीला खुर्ची चिकटवून बसला होता. भाऊ दोन खुर्च्या सोडून. साहेबांना डोळे होते. त्यांनी मलाच विचारलं, "ताई, तुमची तयारी आहे का? दोन भावंडांत तुमच्याशी याची जास्त सवय दिसते."

खोलीत पंखा फिरत होता. माय माझ्याकडे बघत होती, भाऊ भिंतीकडे. मला फक्त हो म्हणायचं होतं. एवढा साधा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल.

मी म्हणाले, "भाऊ आहे ना, साहेब."

आदेश निघाला. मायने त्याची घडी करून देवघरात ठेवली, कानबाईच्या नारळाशेजारी.

माय यंदा माघात गेली. ताप आला, चार दिवसांत संपली. धाकटा तिच्या अंथरुणाशी बसून राहिला, भाकरी हातात घेऊन, कुणी मोडून देईल म्हणून. तेरा दिवस घर भरलेलं होतं. भाऊबंदांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवले. चौदाव्या दिवशी सगळ्यांना गाड्या होत्या.

भाऊने सोय आधीच करून ठेवली होती. धुळ्याबाहेर एक निवासी संस्था. "अक्का, कॉलनीत दोन खोल्या आहेत," तो म्हणाला, "त्याच्या वहिनीला दिवसभर कुकर लागतो. तो कानावर हात ठेवून ओरडतो. शेजारी तक्रार करतील." सगळं खरं होतं. मी म्हटलं, "मग मी नेते काही दिवस." तो म्हणाला, "भाऊ असताना बहिणीच्या दारात? लोक माझ्या तोंडात शेण घालतील." म्हणजे संस्थेत टाकला तर लोकांना चालणार होतं. तिथे लोक बघायला येत नाहीत.

संस्थेच्या ऑफिसात मॅडमनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. काय खातो, कशाला घाबरतो, लघवीला उठवावं लागतं का, कुठल्या कुशीवर झोपतो. भाऊ प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे वळायचा. मी सांगत गेले, मॅडम लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आपण पालक का?" मी म्हटलं, "नाही, बहीण." त्यांनी कागद भाऊकडे सरकवला. भाऊने सही केली. पेन माझंच होतं.

घरी येऊन मी जेवले नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं, की मला त्याला आणायचं होतं, पण सासरचं घर, तुमची माणसं, तुम्हाला चाललं नसतं. त्याने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाला, "मला कधी विचारलंस?" लग्नाला चौतीस वर्षं झाली. खरंच, एकदाही विचारलं नव्हतं. माझी सबब होती ती, विचारून कशाला घालवायची!

मग मी धुळ्याच्या त्याच कार्यालयात गेले. पालक बदलता येतो का? टेबलावरच्या क्लार्कने नीट समजावलं, माझ्याच जातीचा माणूस, फायलीतला. "येतो ना. हे पालक राजी असतील तर सोपं आहे. नसतील तर हयगय दाखवावी लागेल, ताई. मारहाण, उपासमार, मालमत्ता लुबाडणं, असं काही आहे का?"

भाऊ राजी होणार नव्हता. मी तीनदा विचारलं, तीनदा तो चिडला. "माझ्या घरचा माणूस आहे तो." म्हणून मी हयगय शोधायला लागले. संस्थेत महिन्यातून एकदा भेट. मी गेले की त्याची नखं बघायची, मानेवरचा मळ बघायची, बाह्या वर सारून वळ शोधायची. नखं कापलेली. मान स्वच्छ. अंगावर ओरखडा नाही. मनात यायचं, एखादा तरी वळ दिसू दे. आपल्याच भावाच्या अंगावर मार शोधायला गेलेली बहीण मी. देवाने मला याची शिक्षा करावी. केलीच असेल, मी ती भोगते आहे.

श्रावण आला. कानबाई यंदा दीपनगरला, भाऊच्या क्वार्टरमध्ये बसली. मला बोलावणं होतं, लेक म्हणून. मी विचारलं, "त्याला आणलं नाही?"

"आणलं की परत जाताना त्रास देतो, असं मॅडम म्हणतात," भाऊ म्हणाला.

भावजयीने सूप घेतलं. एक मूठ भाऊची. दोन मुलांच्या. मग ती थांबली, मोठ्या भक्तीने चौथी मूठ भरली, वर चिमूट टाकली. "धाकल्या भावजींची," ती म्हणाली. सगळ्या बायकांनी हात जोडले. भाऊचे डोळे भरून आले, खरंच आले, मी पाहिलं. त्याला वाटत होतं की आपण भावाचं सगळं केलं.

रोट झाले, नैवेद्य झाला. मी भाऊला म्हटलं, "त्याच्या वाटचा एक रोट दे. मी धुळ्याला नेऊन देते."

"अक्का, रोट घराबाहेर जात नाही. तुला माहीत नाही का?" तो म्हणाला. ओरडून नाही, समजावणीच्या सुरात. धाकट्याच्या मुठीचा रोट मग त्याच्या दोन्ही मुलांनी अर्धा अर्धा खाल्ला. टाकून कसा द्यायचा, देवीचा होता.

पुढच्या भेटीच्या दिवशी मी रिकाम्या हाताने गेले. म्हणजे केळी होती, बिस्किटं होती. तो व्हरांड्यात आला, पिशवीत न बघताच माझ्यासमोर उकिडवा बसला. बाहेर श्रावणाचा ऊनपाऊस चालला होता. त्याला महिने कळत नाहीत असं सगळे म्हणतात. त्याने तळहात पुढे केला आणि विचारलं, "मन्ही?"

मी काय सांगणार होते? म्हटलं, "पडनी रे, तुन्ही पडनी."

त्याने टाळ्या पिटल्या. मग उठला, आत गेला आणि चपला घालून आला. डाव्या पायात उजवी. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. मूठ पडल्यावर घरी जेवायचं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. माझी पिशवी उचलून तो थेट फाटकाकडे निघाला आणि तिथे उभा राहिला. मी त्याची बटणं सोडून नीट लावून दिली. त्याला वाटलं, आता निघालोच.

फाटकावरच्या माणसाने वही पुढे केली. तिथे बाहेर पडतानाही पुन्हा लिहावं लागतं. नाव लिहिलं. नातं, बहीण. पुढचा रकाना होता, रहिवाशाला सोबत नेणार काय, पालक असल्यास. धाकटा माझ्या खांद्याला खांदा लावून वहीत वाकून बघत होता. त्याला माझं अक्षर फार आवडतं. मी त्याच्यासमोर, सुरेख, वळणदार लिहिलं, नाही.