ठसका

“उजव्या फुप्फुसात एक नोड्यूल दिसतोय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

नोड्यूल म्हणजे छोटी गाठ. माझी वाटाण्याएवढी. खोकला जाईना म्हणून परळला एक्स-रे काढला, मग सीटी स्कॅन, आणि त्यात ही सापडली.

माझ्या डोक्यात एकच शब्द. कॅन्सर. मॅडमना ते तोंडावर दिसलं असणार. त्या म्हणाल्या, जुना टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन बरं होताना वण ठेवून जातं, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. कधी बुरशीचं इन्फेक्शन असतं, कधी हॅमार्टोमा, म्हणजे काही त्रास न देणारी गाठ. कॅन्सरही असतो, पण तुम्ही तरुण, सिगारेट नाही, गाठ लहान, कडा गुळगुळीत, त्यामुळे शक्यता कमी. थुंकीत टीबी निघाला नव्हता. खोकल्याचा या गाठीशी संबंध नसेलही.

“सहा महिन्यांनी परत सीटी करू. वाढतेय का, तेवढंच बघायचं.”

तेवढंच!

मी कणकवलीचा, सरांच्या नकला करून मार खाल्लेला. लालबागला मामाकडे राहतो. मामीला गाठीचं सांगितलं तर म्हणाली, “आता कोणाची नक्कल करतंस, मेल्या?” मग मॅडमच्याच आवाजात सगळं सांगितलं. अर्ध्यात तिचं हसू गेलं.

तिने मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढून त्या तापलेल्या तव्यावर टाकल्या. आमच्यात मानतात, ठसका लागला नाही तर दृष्टच होती, जळाली. मामा आधीच गॅलरीत पळाला. मामीने नाकाला पदर लावला, ही सरळ चीटिंग. मी श्वास कोंडून बसलो, डोळ्यांतून धारा. मामी खूश झाली.

पुढे खोकला गेला, पण चैन नाही. छातीत टोचलं, गाठ वाढली. दम लागला, वाढली. मोबाईलवर शोधू नका, कुणाच्या रिपोर्टात नोड्यूल हा शब्द आला तर. डॉक्टरांनाच विचारा, आणि पुढची तारीख चुकवू नका.

दुसऱ्या स्कॅनला वेटिंग रूममध्ये माझा पाय थांबेना. शेजारी बसलेल्या काकांनी शेवटी गुडघ्यावर हात ठेवला.

“तेवढीच आहे,” मॅडम म्हणाल्या. “बहुतेक जुना वण. वर्षाने एकदा बघू. आता झोपा नीट.”

घरी परत मिरच्या. या वेळी श्वास कोंडला नाही. असला ठसका लागला की शेजाऱ्यांनी दार उघडलं.

“ठसको लागलो, म्हणजे दृष्ट उरूक नाय,” मामी म्हणाली. तवा उचलता उचलता हळूच, “मागच्या खेपेक श्वास धरून बसललंस, ता माका दिसला नाय काय?”