आप्पांच्या मांड्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

जांबोटीहून वडिलांना, आप्पांना, बेळगावात नव्या डॉक्टरांकडे नेलं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून त्यांच्या मांड्या ठणकतात. जुने डॉक्टर नुसतं म्हणायचे, "वय झालं."

नवे डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाले, "या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात. बदलून देतो. मनानं बंद मात्र करू नका."

बाहेर येऊन आप्पा पायरीवरच बसले. "मग म्हशी उगंच विकल्या व्हय गं मी?"

रानात म्हशींमागं चालवेना म्हणून गेल्याच महिन्यात त्यांनी दोन्ही विकल्या होत्या.

गोळी लिहून देताना असा त्रास होऊ शकतो, एवढं सांगायला किती वेळ लागतो? तुम्हाला सांगितलं होतं काय कुणी?