न सादळणारा डबा

“झाकण खोटं बोलतंय.”

मुलुंडला पाच रस्त्याजवळच्या प्लास्टिकच्या दुकानात मी एकात एक रचलेल्या बादल्यांमागे उभी होते, तेव्हा हे ऐकू आलं. दुकानदार हसला. “मावशी, झाकण कधी बोलतं का? चांगल्या कंपनीचा माल आहे. एकदम एअरटाइट.”

“मग ही हवा कुठून येतेय? धरा गालाशी.”

आणि काकूंनी तो बंद डबा खरोखरच त्याच्या गालाला लावून दोन्ही तळव्यांनी दाबला. बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. दुकानदाराने दाढी करून घेत असल्यासारखे डोळे मिटले आणि थोड्या वेळाने कबूल केलं, “येतेय जराशी.” काकूंनी विजयी चेहऱ्याने वळून मला शोधलं. मी बादल्यांमागे आणखी थोडी सरकले.

काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. डबा कुणाचाही असो, हातात आला की त्या झाकण लावून तो गालाशी धरायच्या आणि दाबायच्या. “नोकरीभर कानाला काहीतरी लावून बसली, आता गालाला लावते,” असं काका म्हणायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, ओट्याखाली, माळ्यावर, फ्रिजच्या डोक्यावर डबेच डबे होते. “आमचं काय, आम्ही दोघं कुठेही मावलो असतो,” काका पाहुण्यांना सांगायचे. “हा टू बीएचके डब्यांसाठी घेतलाय.” काकूंना याचा राग यायचा नाही. त्या फक्त म्हणायच्या, “पावसाळ्यात पापड मागाल ना, तेव्हा बोलू.”

माझं त्यांच्याशी काम पडायचं काही कारण नव्हतं. लिफ्टमध्ये भेटलं की मी “हॅलो आंटी” म्हणून मोबाइलमध्ये बघायचे. शाळा, कॉलेज, ऑफिस सगळं इंग्रजीत झालं, आणि इंग्रजीत कमी बोललं तर लोक तुम्हाला शांत समजतात. मराठीत शिष्ट समजतात. मला दोन्ही चालायचं.

मग एका सकाळी त्यांनी मला पकडलं. आमच्या सोसायटीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी, फिरायला जायची वाट आहे. तिच्या कडेला दगडी भिंत आहे. त्या भिंतीच्या एका भोकात मी कोपरापर्यंत हात घालून उभी होते.

“काय हरवलं गं?”

“नथिंग, आंटी.”

“मग काय सापडलं?”

एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगून टाकलं. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं आणि जागेचा पत्ता वेबसाइटवर टाकतं. बाकीचे मोबाइल घेऊन शोधत येतात. डब्यात कागद असतो, त्यावर सही करायची. एखादी छोटी वस्तू असते, ती हवी तर घ्यायची आणि आपली एक ठेवायची. डबा होता तिथे परत. बक्षीस काही नाही. मी गेली काही वर्षं एकटीच असे डबे शोधत होते आणि आता पहिल्यांदा स्वतःचा लपवायचा होता, म्हणून भिंतीतली जागा बघत होते.

हे सगळं ऐकून लोक सहसा “पण का?” असं विचारतात. काकू म्हणाल्या, “म्हणजे डब्यांची देवाणघेवाणच की! आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? आणि डबा कुठला घेतलास?”

तिथूनच सुरू झालं सगळं.

आमचा मुंबईतल्या डबेशोधकांचा एक ग्रुप आहे. त्यातला सगळ्यात जुना मेंबर अंधेरीचा. मी ग्रुपवर लिहिलं होतं की मुलुंडला डोंगराखाली डबा ठेवतेय, पावसाळाभर टिकेल असा. त्यावर त्याने लिहिलं, “इथे कुणाचाच टिकत नाही. गणपती येईपर्यंत आतल्या कागदाची लापशी होते.” खाली बाकीच्यांचे हसरे चेहरे. मी उत्तर दिलं नाही. मी ग्रुपवर सहसा बोलायचेच नाही, आणि बोलले ते हे. कागदाची लापशी झाली असती तर पुन्हा काही लिहायची माझी हिंमत झाली नसती.

काकूंना हे वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कोण आहे हा लापशीवाला?”

“अंधेरीचा आहे.”

“त्याला सांग, दसऱ्याला ये. कागद कोरडा दाखवते.”

मी सांगितलं नाही, अर्थातच. पण पैज लागली होती.

काकूंची डबा तपासायची पद्धत अशी होती. पापड भाजायचा, थंड करायचा, तुकडे करून डब्यात ठेवायचे, झाकण लावायचं. मग डबा पाण्याच्या बादलीत बुडवून वर वरवंटा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी डबा पुसून उघडायचा आणि पापड मोडायचा. कट्‌ आवाज आला तर डबा पास. पापड न मोडता वाकला तर नापास. वरवंटा घसरू नये म्हणून त्या तो डब्याला फडक्याने बांधायच्या. त्या दिवसांत त्यांच्या बाथरूममधून काकांचा आवाज यायचा, “अगं, आंघोळीची बादली कुठाय?”

“परीक्षा चालू आहे. तुम्ही शॉवर घ्या.”

“शॉवरला पाणी कुठे येतं?”

“मग थांबा. निकाल लागेपर्यंत.”

पहिला गेला श्रीखंडाचा डबा, जो आपल्या सगळ्यांच्या घरी असतो आणि ज्यात श्रीखंड सोडून सगळं सापडतं. त्यातला पापड ओल्या रुमालासारखा निघाला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी परीक्षेलाच बसू दिला नाही; “गंजेल” एवढं म्हणून बाजूला सारला. मी ऑनलाइन मागवलेला वॉटरप्रूफ डबा दिसायला फार रुबाबदार होता, काळा, सैन्यातला असावा असा. त्यातला पापड शाबूत राहिला. मी मनातल्या मनात नाचले.

“पास ना, काकू?”

“पाण्यात पास. मुंबईत नापास.” त्यांनी तो डबा लांब धरला. “काळा, बंद, भिंतीत खुपसलेला. कुणी बघितलं तर आधी पोलीस येतील, मग कुत्रा येईल, मग टीव्हीवाले येतील. आरपार दिसणारा हवा. बघणाऱ्याला लांबूनच कळलं पाहिजे की आत कागद आहे, दुसरं काही नाही.”

याच कारणाने त्यांचा स्वतःचा स्टीलचा डबाही बाद झाला. त्यावर काकांचं नाव कोरलेलं होतं. “आणि स्फोट व्हायचा तो माझ्या नावाने,” काका म्हणाले.

अशा रीतीने आम्ही पाच रस्त्याच्या दुकानात पोहोचलो होतो. तिथे बऱ्याच झाकणांचं खोटं उघड झाल्यावर एक डबा मिळाला. पारदर्शक, चारही बाजूंना खटके, झाकणाच्या आत रबराची कडी. काकूंनी गालाशी धरला, दाबला, पुन्हा दाबला. मग तो माझ्या हातात दिला. बादलीत तो दोन वेळा बसला. दोन्ही वेळा पापड कट्‌कन मोडला. दुसऱ्या वेळी काकाही बघायला उभे होते आणि त्यांनी तो पापड खाऊन टाकला.

वाटेवर फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी काकाच होते, त्यामुळे भिंतीत डबा ठेवायची परवानगी घरच्या घरीच मिळाली. काकूंनी डबा धुतला, उन्हात वाळवला, सहीच्या कागदाची माझी गुंडाळी आत ठेवून, खटके लावून मला परत दिला. मी तो तसाच भिंतीत ठेवला आणि ग्रुपवर पत्ता टाकला.

आठवडाही गेला नसेल, अंधेरीवाल्याचा फोटो आला. डबा वाटेच्या मधोमध पालथा, एक खटका तुटलेला, झाकणावर दातांच्या खुणा. खाली लिहिलेलं, “पावसाळ्यापर्यंतसुद्धा नाही.”

मी धावत गेले. माकडं डोंगरावरून आमच्या भागात नेहमीच उतरतात, पण नुसता कागद असलेल्या डब्याच्या वाटेला ती कशाला जातील? मग गवतात मला बटर पेपरचा एक तुकडा सापडला. त्याला तीळ चिकटले होते. सहीच्या कागदाच्या गुंडाळीखाली कुणीतरी हळूच काहीतरी ठेवलं होतं.

मी तो तुकडा काकूंसमोर धरला. त्या ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

“दोनच वड्या होत्या गं. तिळाच्या.”

“पण का, काकू? खायचं ठेवायचं नसतं. मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस. पण तू डबा माझ्या हातात दिलास. मी तुझ्या हातात रिकामा कसा परत देऊ? आयुष्यात कुणाचा डबा रिकामा परत केला नाही. हाताला सवय आहे. डोक्याला विचारत नाही तो.”

“इट्स ओके,” मी म्हटलं.

“इंग्रजीत ओके म्हणालीस म्हणजे ओके नाही.”

मला खरंच राग आला होता. पण त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की तो राग ठेवायला जागा मिळेना. काका बाहेरून म्हणाले, “माकडांनी तरी नावाजल्या का वड्या?” काकू हसल्या नाहीत. मी पहिल्यांदाच त्यांना काकांच्या विनोदाला उत्तर न देताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दुकानात गेल्या आणि तसाच दुसरा डबा घेऊन आल्या. बादली, वरवंटा, पापड, सगळं पुन्हा. या वेळी त्यांनी रबराची कडी टाचणीने सोडवून धुतली. “इथे वाळूचा एक कण राहिला ना, की वाट लागली सगळ्याची. येणारे लोक मातीच्या हाताने उघडणार.” म्हणून त्यांनी जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा कापून शिवला आणि झाकणाच्या आत माझ्याकडून चिठ्ठी चिकटवून घेतली: बंद करण्याआधी कड पुसा.

मग डबा माझ्या हातात द्यायची वेळ आली आणि त्या अडल्या. डबा पुढे करायच्या, मागे घ्यायच्या.

“फडकं आहे ना आत,” मी म्हटलं. “रिकामा नाहीये.”

“फडकं ते फडकं.”

शेवटी त्यांनी औषधांचं कपाट उघडलं. गोळ्यांच्या बाटल्यांमध्ये ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या असतात ना, त्या त्यांनी वर्षानुवर्षं जमवून ठेवल्या होत्या, अर्थातच एका डब्यात. त्यातल्या मूठभर त्यांनी माझ्या डब्यात टाकल्या, खटके लावले, गालाशी धरून दाबला आणि म्हणाल्या, “आता घे.”

पावसाळ्याच्या मध्यावर आमची सोसायटी रिकामी करायचं ठरलं. रिडेव्हलपमेंट. आम्ही जवळच भाड्याने जागा घेतली. काकाकाकू लेकीकडे सांगलीला निघाले. लेक सामान बांधायला आली होती. “आई, हे सगळे डबे भंगारात दे. माझ्याकडे आहेत.” काकू म्हणाल्या, “तुझे बघितलेत मी. सगळे खोटारडे.”

निरोप घ्यायला मी दारात उभी होते. हातातला मोबाइल उगाच उघडत-मिटत. माझं नेहमीचंच. काकूंनी पापडांचा एक डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या गालाला हात लावला, डबा तपासतात तसा.

“घट्ट झाकणाची आहेस. उघडायला त्रास देतेस. पण असू दे. अशा डब्यातलं सादळत नाही.” मग म्हणाल्या, “दसऱ्याला उघड. आणि त्या लापशीवाल्याला समोर उभा कर.”

मी बोलावलं म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी ग्रुप मुलुंडला आला. आमच्या इमारतीच्या जागी पत्र्यांच्या कुंपणाआड खड्डा होता. खालचा मजला कुठे होता आणि आमचा कुठे, हे हवेत बोट दाखवूनही सांगता आलं नसतं. भिंत मात्र तशीच होती, शेवाळ्याने हिरवी. अंधेरीवाल्याने भोकात हात घातला आणि डबा बाहेर काढला. बाहेरून तो चिखलाने माखलेला होता. पावसाळाभर माणसं येऊन उघडून गेली होती.

त्याने खटके काढले. साडीचा तुकडा मळकट झाला होता, म्हणजे लोकांनी कड पुसली होती. पुड्यांशेजारी एक शंख होता, एक बटण, एक किल्लीची साखळी. तो कागद उलगडू लागला, पण मी पटकन त्याच्या हातातून घेतला, कानाजवळ धरला आणि बोटाने टिचकी मारली.

कागद कडक वाजला. भाजलेल्या पापडासारखा.

“यार, झकास!” अंधेरीवाला म्हणाला. तो डबा उलटासुलटा करून बघत होता. “मानलं. हा बाहेरून मागवलास ना? कुठल्या देशातला आहे?”

सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी मी हसून मान हलवली असती आणि घरी जाऊन दोन ओळी टाइप केल्या असत्या. मी त्याच्या हातातून डबा घेतला, साडीच्या तुकड्याने कड पुसली, झाकण लावलं आणि गालाशी धरून दाबला. हवा आली नाही.

“पाच रस्त्याचा आहे,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी निवडलाय. आणि परत ठेवायच्या आधी आत काहीतरी टाक. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत.”